चमकणारी शाई नेमकं कोणाला अडवते?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही सायट्रिक ॲसिड आणि युरिया तापवून कार्बन डॉट्स, म्हणजे कार्बनचे चमकणारे नॅनोकण, बनवलेत, ते पीव्हीएच्या (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, पाण्यात विरघळणारं पॉलिमर) द्रावणात मिसळून स्क्रीन प्रिंटिंगने औषधाच्या कार्टनवर छापलेत, आणि ३६५ नॅनोमीटरच्या टॉर्चखाली छापा छान निळा चमकतो. आता तुम्हाला तीन गोष्टी हव्या आहेत. नकली माल ओळखायला एवढं पुरेल का? क्वांटम डॉट्स (आकारावरून रंग ठरणारे अर्धवाहक कण), पेरोव्स्काइट (एका खास स्फटिकरचनेचे कण) किंवा अपकन्व्हर्जनचे (अदृश्य अवरक्त प्रकाश घेऊन दिसणारा प्रकाश देणारे) नॅनोकण घेतले तर जास्त बरं का? आणि गिऱ्हाईक स्वतःच्या फोनवर खरं-खोटं तपासू शकेल का?

सरळ सांगायचं तर एवढं पुरणार नाही. कार्बन डॉट्स वाईट आहेत म्हणून नव्हे. तुम्ही 'कोणता पदार्थ?' असं विचारताय, पण त्याआधीचा प्रश्न आहे 'तपासणार कोण, कशाने आणि किती वेळात?' पदार्थ त्या उत्तरातून ठरतो. मी सुरक्षा-शाई आणि ती वाचणारी उपकरणं या दोन्हींवर काम करते. आमच्याकडे येणारे बरेच लोक उलट्या टोकाने सुरुवात करतात: कुपीत काहीतरी सुंदर चमकलेलं असतं आणि मग त्याच्यासाठी काम शोधणं सुरू होतं.

आधी एक साधी गोष्ट करून बघा. खोलीत अंधार करा आणि टॉर्च कार्टनच्या कोऱ्या भागावर मारा, जिथे तुमची शाई लागलेलीच नाही. तो भागही निळसर उजळेल, याची मला जवळपास खात्री आहे. पांढऱ्या कागदात आणि बोर्डाच्या वरच्या थरात बहुतेक वेळा ऑप्टिकल ब्राइटनर असतात. ते अतिनील प्रकाश शोषतात आणि ४३० ते ४४० नॅनोमीटरच्या आसपास निळा प्रकाश सोडतात, म्हणून कागद डोळ्याला जास्त पांढरा वाटतो. तुमच्या कार्बन डॉट्सची चमकही त्याच पट्ट्यात येते. निळ्यावर निळं छापलंय म्हणा ना. वर बोर्डाचा पुरवठादार बदलला की ब्राइटनरचं प्रमाण बदलतं आणि छापा उठून दिसणं-न दिसणं त्याच्या मर्जीवर जातं. चलनी नोटांचा कागद मुद्दाम ब्राइटनरशिवाय बनवतात. तो यूव्हीखाली काळपट राहतो, म्हणून त्यातले रंगीत तंतू लगेच नजरेत भरतात. तुमच्या कार्टनला ही सोय नाही.

आता नक्कल करणाऱ्याच्या बाजूने बघू. त्याला तुमचा पदार्थ बनवायचा नसतो, त्याला फक्त तुमची तपासणी पास व्हायचं असतं. तपासणी जर 'टॉर्च मारा, चमकलं की खरं' एवढीच असेल, तर बाजारात सहज मिळणाऱ्या यूव्ही शाईच्या एका बाटलीत त्याचं काम भागतं. तुमचे कण किती नॅनोमीटरचे आहेत, त्यांच्या पृष्ठभागावर कोणते गट आहेत, यातलं काहीच त्या टॉर्चला कळत नाही. तपासणीला जे दिसत नाही, ते सुरक्षेच्या हिशेबात शून्य.

'पण आमची रेसिपी गुप्त आहे', असं यावर हमखास ऐकायला मिळतं. युरोच्या नोटा २००२ मध्ये चलनात आल्या, आणि त्याच वर्षी नेदरलँड्समधल्या संशोधकांनी यूव्हीखाली नोटेचा वर्णपट मोजून तांबड्या चमकेमागे युरोपियम हे मूलद्रव्य असल्याचा निष्कर्ष काढला. युरोपियमचा मुख्य पट्टा ६१५ नॅनोमीटरच्या आसपास इतका अरुंद असतो की तो लपत नाही. मूलद्रव्यं ओळखायची साधनंही कुठल्याही बऱ्या प्रयोगशाळेत असतात. तेव्हा शाईत काय घातलंय हे समोरच्याला कळणार असं धरूनच चाला. कळूनही त्याला जमणार नाही, असं काहीतरी हवं.

तपासणाऱ्यांचे ढोबळ तीन गट पडतात. पहिला गिऱ्हाईक: हातात काही साधन नाही, वेळ दोन-तीन सेकंद, आणि अस्सल छापा कसा दिसतो हे त्याला ठाऊकही नाही. दुसरा निरीक्षक किंवा गोदामातला माणूस: हातात छोटा रीडर, थोडंफार प्रशिक्षण. तिसरी प्रयोगशाळा: तिथे वेळ आहे, स्पेक्ट्रोमीटर आहे, वाद कोर्टात गेला तर अहवाल द्यायची तयारी आहे. २०२० चं आयएसओ २२३८३ हे मानक अशा उपायांची निवड आणि मूल्यमापन कसं करावं याबद्दल आहे, ते जरूर चाळा. प्रकाश सोडणारे नॅनोपदार्थ माझ्या मते मुख्यतः दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाच्या कामाचे. गिऱ्हाईकाच्या हातात ते फार थोडं देतात. त्याच्यासाठी होलोग्राम किंवा कोन बदलला की रंग बदलणारी शाई जास्त उपयोगी, कारण तिथे टॉर्चही लागत नाही.

मग चमकेत असं काय असतं जे रीडरला विचारता येतं? नुसता रंग ही सगळ्यात कच्ची खूण, कारण तोच हिरवा शंभर पदार्थांतून मिळतो. त्याच्या पुढची पायरी वर्णपटाची: रेषा कुठे आहेत, किती रुंद आहेत, दोन रेषांचं गुणोत्तर किती. तिसरी उद्दीपनाची: कोणता प्रकाश टाकला की हे चमकतं आणि कोणता टाकला की चमकत नाही. हा दुसरा भाग लोक विसरतात. अमुक प्रकाशाखाली अंधारच राहिला पाहिजे, ही अटही तितकीच कामाची आहे. आणि चौथी खूण वेळेची: उद्दीपन बंद केल्यावर चमक किती काळात विझते. साधे फ्लुरोसंट रंग आणि ब्राइटनर काही नॅनोसेकंदांत विझतात. क्वांटम डॉट्स साधारण दहा-वीस नॅनोसेकंद घेतात. लँथनाइड मूलद्रव्यांचे (युरोपियम, अर्बियम, थुलियम वगैरे) आयन मात्र मायक्रोसेकंदांपासून मिलिसेकंदांपर्यंत चमकत राहतात. त्यांच्या 4एफ कक्षेतले इलेक्ट्रॉन बाहेरच्या भरलेल्या कक्षांच्या आड झाकलेले असतात, म्हणून रेषा अरुंद. आणि त्या संक्रमणांना क्वांटमच्या नियमांची पूर्ण मुभा नसते, म्हणून विझणं सावकाश.

वेळेची खूण मला सगळ्यात जास्त आवडते, कारण तिथे पार्श्वभूमीचा प्रश्नच मिटतो. प्रकाशाचा झोत द्या, बंद करा, वीसेक मायक्रोसेकंद थांबा आणि मग डिटेक्टर उघडा. तोवर कागदाचा ब्राइटनर, वॉर्निश, हाताचा घाम, सगळं विझलेलं असतं. जे उरतं ते तुमचं. कार्टन कुठल्या बोर्डाचं आहे याने मग फारसा फरक पडत नाही.

आता तुम्ही विचारलेले पदार्थ एकेक करून बघू.

कार्बन डॉट्स स्वस्त आहेत, त्यांत जड धातू नाहीत, बनवायला सोपे आहेत. २००४ मध्ये कार्बन नॅनोट्यूब शुद्ध करताना ते योगायोगाने सापडले, आणि आज ते शेकडो कृतींनी बनतात. पण 'बनवायला सोपे' ही सुरक्षेच्या कामात उणी बाजू आहे. जे तुम्हाला घरगुती मायक्रोवेव्हमध्ये जमतं ते दुसऱ्यालाही जमतं. त्यांचा वर्णपट रुंद असतो, उद्दीपनाची तरंगलांबी बदलली की उत्सर्जनही सरकतं, आणि द्रावण सुकून कण एकमेकांना चिकटले की चमक बरीच मरते. तुम्ही पीव्हीएत मिसळलेत म्हणून ती टिकली. त्यातच एक गंमत दडलेली आहे, ती करून बघा: छापा नीट वाळवा, टॉर्च बंद करा आणि त्याच क्षणी अंधारात बघा. पीव्हीएच्या घट्ट जाळ्यात अडकलेले काही कार्बन डॉट्स टॉर्च बंद झाल्यावरही सेकंदाच्या काही दशांशांपर्यंत हिरवट चमक देतात. तुमच्या नमुन्यात ती दिसली तर ती निळ्या चमकेपेक्षा कितीतरी चांगली खूण आहे. अडचण दमटपणाची. पाणी शिरलं की जाळं सैल पडतं आणि ही मागे रेंगाळणारी चमक जाते. पावसाळी गोदामातून आलेलं अस्सल कार्टन मग नकली ठरेल.

क्वांटम डॉट्सबद्दल थोडक्यात. २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मौंगी बावेंडी, लुई ब्रूस आणि अलेक्सी एकिमोव्ह यांना याच कणांसाठी मिळालं, आणि रंगावर इतकी पकड दुसरीकडे क्वचितच मिळते: कॅडमियम सेलेनाइडचे कण दोन नॅनोमीटरवरून सहावर नेले की चमक निळ्याकडून तांबड्याकडे सरकते. पण औषधाच्या पॅकिंगवर कॅडमियम? युरोपीय संघात पॅकेजिंगमधलं शिसं, कॅडमियम, पारा आणि षट्‌संयुजी क्रोमियम मिळून किलोला १०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. शाईचा थर पातळ असल्याने हिशेब कदाचित बसेलही, पण खरेदी विभागासमोर तो वाद घालायची माझी तयारी नसते. इंडियम फॉस्फाइडचे कण हा पर्याय आहे, मात्र ते महाग पडतात आणि टीव्हीच्या पडद्यांसाठी तेच बनत असल्याने 'दुर्मीळ' राहत नाहीत. सिझियम-शिसं-ब्रोमाइडचे पेरोव्स्काइट कण २०१५ पासून खूप गाजताहेत. ५२० नॅनोमीटरच्या जवळचा त्यांचा हिरवा इतका स्वच्छ असतो की बघत राहावं. पण पाणी लागलं की ते मोडतात, आणि शिसं आहेच. 'पाणी लागलं की खूण नाहीशी होते' हे एखाद्या ठिकाणी हवंही असेल, तुमच्या ठिकाणी नको.

राहिले अपकन्व्हर्जनचे कण. तुमच्या कामासाठी माझा कल इकडे आहे, म्हणून इथे जरा थांबते.

नेहमीच्या चमकेत जास्त ऊर्जेचा प्रकाश आत जातो आणि कमी ऊर्जेचा बाहेर येतो. इथे उलटं. ९८० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश, जो डोळ्याला दिसत नाही, आत जातो आणि हिरवा-तांबडा बाहेर येतो. सोडियम यिट्रियम फ्लोराइडच्या स्फटिकात साधारण १८ ते २० टक्के यिटर्बियम आणि दोनेक टक्के अर्बियम घातलेलं असतं. यिटर्बियम प्रकाश शोषतो आणि शेजारच्या अर्बियमला ऊर्जा देतो. अर्बियम शिडीची एक पायरी चढून थांबतो, तेवढ्यात दुसरा हप्ता येतो आणि तो वरच्या पायरीवर जातो. मधल्या पायरीवर बराच वेळ उभं राहता येतं म्हणून हे जमतं. तिथून उतरताना ५२५ आणि ५४५ नॅनोमीटरजवळ हिरवा आणि ६५५ च्या आसपास तांबडा प्रकाश मिळतो. अर्बियमऐवजी थुलियम घातलं तर निळा आणि त्याबरोबर ८०० नॅनोमीटरचा अदृश्य प्रकाश. १९६६ मध्ये फ्रान्समध्ये फ्रांस्वा ओझेल यांनी ही यंत्रणा मांडली, त्याच सुमारास सोव्हिएत संशोधकांनीही स्वतंत्रपणे.

यातून तुम्हाला काय मिळतं? कागद, शाई, वॉर्निश, धूळ, यांपैकी काहीच ९८० नॅनोमीटरखाली हिरवं चमकत नाही, त्यामुळे पार्श्वभूमी जवळजवळ शून्य. बाजारातल्या यूव्ही शाईने ही तपासणी पास होत नाही. रेषा अरुंद, विझण्याचा काळ मोजता येण्याइतका लांब. आणि ९८० नॅनोमीटरचे लेझर डायोड दूरसंचाराच्या फायबर ॲम्प्लिफायरसाठी वर्षानुवर्षं बनत आल्याने सहज मिळतात.

आता अडचणी. क्षमता फार कमी आहे: नॅनोकणांत आत गेलेल्या प्रकाशाचा एक टक्कासुद्धा सहसा बाहेर येत नाही. कण जितका लहान तितके जास्त आयन पृष्ठभागाजवळ, आणि तिथल्या पाण्याच्या, हायड्रॉक्सिलच्या कंपनांत ऊर्जा वाया जाते. त्यावर इलाज म्हणजे कणाभोवती त्याच फ्लोराइडचं, पण आयन न घातलेलं, काही नॅनोमीटर जाडीचं कवच. स्फटिकाची षट्कोनी रचना घ्या, घनाकृती नव्हे. चमकेत मोठा फरक पडतो. पुरवठादाराकडून नमुना मागवताना ह्या दोन गोष्टी लेखी विचारून घ्या.

दुसरी अडचण रीडर हातात घेतल्यावर कळते. इथे दोन हप्त्यांनी ऊर्जा चढते, त्यामुळे चमक लेझरच्या तीव्रतेच्या वर्गाच्या आसपास वाढते. तीव्रता निम्मी झाली तर हिरवा प्रकाश जवळजवळ चौथाई होतो. निरीक्षक कार्टन हातात धरतो, बोर्डाची घडी थोडी उचललेली असते, रीडर जरा तिरका टेकतो, डायोडचा झोत पसरतो, आणि मोजमाप कोसळतं. 'मग तीव्रता नको, हिरव्या-तांबड्याचं गुणोत्तर घेऊ' असं सुचतं. पण ते गुणोत्तरही तीव्रतेप्रमाणे सरकतं. ५२५ आणि ५४५ चं आपसांतलं गुणोत्तर तापमानाने बदलतं, इतकं की त्यावर थर्मामीटर बनवतात. आणि कणांच्या पृष्ठभागावर पाणी धरलं तर तांबड्याचा वाटा वाढतो, म्हणजे एकाच रेसिपीच्या दोन बॅचेस वेगळ्या वाचल्या जातात. म्हणून रीडरच्या तोंडाशी ठराविक उंचीचं नाक हवं, जे कार्टनवर सपाट टेकल्याशिवाय लेझर सुरूच होणार नाही. हे सुरक्षेसाठीही अनिवार्य आहे. ९८० नॅनोमीटरचा झोत दिसत नाही, त्यामुळे डोळा मिटत नाही आणि इजा होते. उघडा लेझर मॉड्यूल निरीक्षकाच्या हातात कधीही देऊ नका.

विझण्याचा काळ या सगळ्यापुढे बराच शहाणा निघतो. शाईचा थर जाड की पातळ, रीडर सरळ की जरा तिरका, यांचा त्यावर कमी परिणाम होतो. शिवाय तो केवळ मूलद्रव्यांच्या प्रमाणावर ठरत नाही. आतल्या गाभ्याचा आकार, कवचाची जाडी, आयनांमधलं अंतर, सगळं त्यात येतं. म्हणजे एखाद्याने शाई खरवडून तिचं रासायनिक विश्लेषण केलं, यिट्रियम-यिटर्बियम-अर्बियमचे आकडे मिळवले, तरी विझण्याचा तोच काळ त्याला लगेच साधणार नाही. मघाशी म्हटलं ना, कळूनही जमू नये, ते हे. ऑस्ट्रेलियाच्या मॅक्वारी विद्यापीठातल्या गटाने २०१४ मध्ये 'नेचर फोटॉनिक्स'मध्ये दाखवलं की थुलियमच्या निळ्या चमकेचा काळ सुमारे २५ पासून ६६० मायक्रोसेकंदांपर्यंत हवा तसा बसवता येतो. एकच रंग, पण वेळेनुसार वेगवेगळे कोड. त्यातले दोन-तीन काळ जरी तुम्ही वापरलेत आणि बॅचनुसार अदलाबदल केलीत तरी खूप झालं.

इथे एक गोष्ट बोलायलाच हवी, जी नॅनोवाले सहसा बोलत नाहीत: तुम्हाला नॅनो हवंच का? काही मायक्रोमीटर आकाराचे अपकन्व्हर्जन फॉस्फर (चमकणाऱ्या पदार्थाची भुकटी) कितीतरी आधीपासून मिळतात आणि चमकेत ते नॅनोकणांना सहज मागे टाकतात. तुम्ही स्क्रीन प्रिंटिंग करताय, तिथे शाईचा थर जाड बसतो आणि मोठे कण खपून जातात. नॅनोची गरज पडते ती ऑफसेट किंवा फ्लेक्सोच्या एक-दोन मायक्रोमीटरच्या थरात, इंकजेटमध्ये, किंवा जिथे थर पूर्ण पारदर्शक हवा तिथे. लहान कणांचं प्रकाश विखुरणं व्यासाच्या सहाव्या घाताने घटतं, त्यामुळे तीस नॅनोमीटरचे कण वॉर्निशमध्ये डोळ्याला दिसतच नाहीत. उत्पादन ऑफसेटवर जाणार असेल तर नॅनो घ्या. स्क्रीनवरच राहणार असेल तर मोठ्या फॉस्फरचा नमुना मागवून शेजारी-शेजारी छापून बघा आणि मगच ठरवा.

शाई बनवणं हे बहुतेकांना दुय्यम वाटतं आणि प्रकल्प तिथेच अडतात. अपकन्व्हर्जनचे कण सहसा ओलिक ॲसिडचा थर घेऊन येतात, म्हणजे ते हेक्झेन किंवा टोल्युइनमध्ये विरघळल्यासारखे स्वच्छ पसरतात. तुमच्या पाण्यातल्या पीव्हीएत टाकलेत तर दह्यासारखे फाटतील. पाण्याची शाई हवी तर पृष्ठभागावरचा थर बदलावा लागतो आणि त्यात थोडी चमक जाते. यूव्हीने सुकणारी ॲक्रिलेट शाई घेतली तर मोनोमरशी जुळणारा थर हवा. या फ्लोराइडांची घनता घन सेंटीमीटरला चार ग्रॅमच्या वर असते, त्यामुळे मोठे कण बाटलीत तळाशी बसतात. इंकजेटमध्ये कणांचे पुंजके नोझलच्या व्यासाच्या पन्नासाव्या भागाहून लहानच राहिले पाहिजेत, नाहीतर दुपारपर्यंत नोझल तुंबलेलं. छपाई सुरू होतानाचा आणि संपतानाचा नमुना दोन्ही मोजा. दिवसअखेरीस चमक उतरलेली दिसली तर समजा शाई तळाशी बसतेय.

वरच्या थरांचाही विचार करा. पेट प्लास्टिकची (PET) फिल्म ३१० नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश अडवते, त्यामुळे २५४ नॅनोमीटरवर चमकणारी खूण लॅमिनेशनखाली मुकी होते. वॉर्निशमध्ये यूव्ही शोषक असतील तर ३६५ चीही तीच गत. ९८० ला यांचा त्रास नाही, पण खाली काळा रंग छापलेला नको. त्यातला कार्बन ब्लॅक आत येणारा आणि बाहेर जाणारा दोन्ही प्रकाश गिळतो आणि लेझरने तापतो. खूण पांढऱ्या जागी ठेवा, आणि औषधाला न लागणाऱ्या बाहेरच्या बाजूलाच ठेवा. टिकाऊपणाची चाचणी तुमच्याकडे बहुधा तयारच असेल: औषधांच्या वेगवान स्थिरता चाचणीत ४० अंश सेल्सिअस आणि ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिने नमुने ठेवतात. त्याच कपाटात छापलेली कार्टनंही ठेवा आणि दर महिन्याला वाचा.

फोनचं काय? फोनमध्ये ९८० चा लेझर नसतो, त्यामुळे अपकन्व्हर्जन थेट फोनवर वाचता येत नाही. फोनकडे आहे पांढरा फ्लॅश, ज्यात ४५० नॅनोमीटरच्या जवळचा निळा भरपूर असतो. निळ्याने उद्दीपित होऊन काही मिलिसेकंद किंवा जास्त काळ चमकणारं फॉस्फर घेतलं तर फ्लॅश बंद झाल्यावरच्या फ्रेम टिपता येतात. फोनचा सेन्सर ओळीओळीने वाचतो, म्हणून मिलिसेकंदांचं विझणं एकाच फ्रेममध्ये वरून खाली मंद होत जाणाऱ्या पट्ट्यासारखं दिसतं. प्रयोगशाळेत हे छान चालतं. पण शेकडो मॉडेल्स, प्रत्येकाचं वेगळं सॉफ्टवेअर, आणि फ्लॅश नेमका कधी विझतो हे ॲपला धड कळत नाही. त्यावर औषध खरं की खोटं ठरवायची जबाबदारी मी टाकणार नाही.

फोनसाठी जास्त आश्वासक वाटतो तो यदृच्छ नमुन्यांचा मार्ग. थोडे मोठे चमकणारे कण वॉर्निशमध्ये विरळ टाकले की प्रत्येक कार्टनवर ते वेगवेगळ्या जागी पडतात, आणि ती मांडणी छापणाऱ्यालाही पुन्हा करता येत नाही. रविकांत पप्पू आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये 'सायन्स'मध्ये काचेच्या मण्यांवर लेझर टाकून ही कल्पना मांडली होती. छपाईच्या लाइनवरच प्रत्येक कार्टनचा फोटो घेऊन त्याची नोंद सांकेतिक क्रमांकाशी जोडायची. मग गुपित पदार्थात राहत नाही, सगळा भार डेटाबेसवर येतो. खर्चही तिथेच येतो: लाइनच्या वेगाने फोटो काढणारा कॅमेरा, साठवण, आणि वर्षानुवर्षं चालू ठेवायचा सर्व्हर.

रीडर कितीही चांगला असला तरी तो चुकतो, हा हिशेब आधीच मांडा. समजा हजारात एकच कार्टन नकली आहे आणि रीडर शंभरातल्या एका अस्सल कार्टनला नकली म्हणतो. हजार कार्टनं तपासली की दहा अस्सल आणि एक नकली बाजूला निघेल. पहिल्याच आठवड्यात निरीक्षक वैतागून लाल दिव्याकडे दुर्लक्ष करायला लागेल. म्हणून बाजूला काढलेल्या मालासाठी दुसरी, वेगळ्या तत्त्वावरची तपासणी लागतेच. पहिली विझण्याच्या काळाची असेल तर दुसरी प्रयोगशाळेत पूर्ण वर्णपटाची ठेवा.

आणि हे सगळं करण्याआधी तुमच्याकडे सापडलेला नकली माल समोर ठेवून बघा. तो नक्की कसा आहे? कार्टनच नकली छापलंय, की अस्सल रिकामं कार्टन गोळा करून त्यात दुसरं भरलंय? दुसरा प्रकार असेल तर तुमची सगळी नॅनो-शाई म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. तिथे उघडलं की फाटणारं सील हवं, आणि खूण त्या सीलच्या आरपार छापायला हवी, म्हणजे उघडताना तीही तुटेल. छपाईखान्यातून शाई किंवा जादा छापलेली कार्टनं बाहेर जात असतील तर कुठलंच भौतिकशास्त्र मदतीला येत नाही. शाईचं वजन करून द्या, उरलेली मोजून परत घ्या, वाया गेलेली कार्टनं तुमच्या माणसासमोर नष्ट करा.

तुमच्या जागी मी असते तर निरीक्षकांसाठी अर्बियम किंवा थुलियमचं अपकन्व्हर्जन, विझण्याच्या काळावर वाचणारा बंदिस्त रीडर, पांढऱ्या जागेवर छोटा ठिपका, आणि सीलवर तोच ठिपका अर्धा-अर्धा, अशी सुरुवात केली असती. कार्बन डॉट्स फेकून देऊ नका. त्यांची मागे रेंगाळणारी चमक सिलिकासारख्या पाणी न घेणाऱ्या कवचात टिकते का ते बघण्यासारखं आहे, पण तो संशोधनाचा विषय झाला, येत्या वर्षाच्या मालासाठी नव्हे.

यातलं बरंचसं तुमच्या छपाईवर अवलंबून आहे. उत्पादनातली छपाई ऑफसेट आहे की फ्लेक्सो, वर पाण्याचं वॉर्निश बसतं की यूव्हीचं, आणि सापडलेल्या नकली मालात कार्टन अस्सल होतं की नकली, एवढं कळवलंत तर कणांचा आकार आणि शाईचा आधार याबद्दल अजून नेमकं सांगू शकेन.